दहाचे नाणे आणि आपली पत

दहा रुपयांचे नाणे पुढे केले की ‘हे चालत नाही’ असे सांगणारे दुकानदार काही वर्षांपूर्वी अनेक गावांत भेटत. क्वचित आजही भेटतात. दहा रेषांचे नाणे खरे व पंधरा रेषांचे खोटे, रुपयाचे चिन्ह नसलेले तर नक्कीच बनावट, अशा आशयाचे संदेश मोबाइलवर फिरत होते.

वस्तुतः रुपयाचे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले आणि २०११ पासून नाण्यांवर आले. त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते असणार कसे? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की तोवर निघालेली दहाच्या नाण्यांची चौदाही रूपे वैध चलन आहेत. तरीही नाणी गल्ल्यात पडून राहिली. कारण दुकानदाराची खरी भीती निराळी होती : ‘मी घेईन, पण पुढचा घेईल काय?’ प्रत्येकाने असाच विचार केला, की खोट्या अफवेचाही परिणाम खरा होऊन बसतो.

आपल्या पूर्वजांचा व्यवहारही कागदाच्या चिठोऱ्यावरच चाले. परंतु हुंडीवर लिहिणाऱ्याचे नाव असे, स्वीकारणाऱ्याची पेढी ठाऊक असे, आणि शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या व्यक्तीलाच मिळे. फिरत्या संदेशाला असा कोणी धनी नसतो. तो मामांनी किंवा व्याह्यांनी धाडलेला असतो, म्हणून त्यांच्यावरील विश्वास आपण नकळत संदेशाच्या खाती जमा करतो. तो मुळात कोणी लिहिला, हे त्यांनाही माहीत नसते.

याची किंमत नाण्यापुरती राहत नाही. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

परंतु पाच ठिकाणी पाठवलेले असत्यही असत्यच असते. म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी हुंडी पारखावी तसे तीन प्रश्न विचारावेत : लिहिणारा कोण? तारीख कोणती? संबंधित बँकेने वा शासनाने स्वतः हे कोठे प्रसिद्ध केले आहे काय? उत्तर न मिळाल्यास संदेश तेथेच थांबवावा. आपण पुढे पाठवलेल्या प्रत्येक मजकुरावर वाचणाऱ्याच्या दृष्टीने आपलीच सही असते.