अब्बा रिटायर झाले, आता घराकडे बघू : कमी खर्चात घरच्या घरी करता येणारी कामे

महाराष्ट्रात राज्य सरकारचा कर्मचारी साधारणपणे ५८व्या वर्षी निवृत्त होतो, चतुर्थ श्रेणीतला ६०व्या वर्षी. ज्यांना पूर्ण पेन्शन आहे त्यांचे बरे चालते. पण आपल्या मोहल्ल्यांत बहुतेकांचे आयुष्य लूमवर, गॅरेजमध्ये, दुकानात नाहीतर खासगी कंपनीत गेलेले असते. ईपीएस-९५ योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. म्हणजे निवृत्तीनंतर हातात वेळ भरपूर, पैसा मोजका, आणि घरही माणसाइतकेच जुने झालेले. नळ ठिबकतोय, मोरीत पाय घसरतोय, जिन्यात अंधार आहे.

इथेच एक चांगली सोय दडलेली आहे. घरातली बरीच छोटी कामे साठी ओलांडलेला माणूसही बसल्या बसल्या करू शकतो. पैसे वाचतात, वेळ चांगला जातो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ‘आता आपला काही उपयोग नाही’ ही भावना मनातून जाते. घरातले काम स्वतः करण्यात कमीपणा कसला? प्रेषित मुहम्मद (स.) घरी आपल्या चपला स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत येते.

मग सुरुवात कुठून करायची? आम्ही म्हणू, रंगरंगोटीपासून नको, मोरीपासून करा.

१. मोरी आणि संडास

उतारवयात पडणे ही साधी गोष्ट नसते. खुब्याचे हाड मोडले की ऑपरेशन, अंथरूण आणि महिनोन्‌महिने दुसऱ्यावर अवलंबून राहणे आले. फरशी ओली असते ती मोरीत, आणि उठ-बस जास्त होते ती संडासात. म्हणून पहिले काम म्हणजे धरायला स्टीलचा दांडा.

तो किती उंचीवर लावायचा? पुस्तकातले माप शोधू नका. ज्यांच्यासाठी लावायचा त्यांना तिथे बसवा, उठताना हात आपोआप कुठे जातो ते बघा आणि तिथेच खडूने खूण करा. टाइलवर आधी चिकटपट्टीची फुली मारली की ड्रिलचा बिट घसरत नाही. टाइल फुटू नये म्हणून टाइल पार होईपर्यंत ड्रिलचे हॅमर बंद ठेवा. नळाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, आत पाइप असण्याची शक्यता तिथेच जास्त. स्क्रू टाइलमध्ये नव्हे, आतल्या पक्क्या भिंतीत बसला पाहिजे. काम झाल्यावर घरातल्या तरुण मुलाने पूर्ण वजन टाकून दांडा ओढून बघावा. जरा जरी हलला तरी तो वापरायचा नाही. रबराच्या चोषकाने चिकटणारे दांडे मिळतात, पण ते अचानक सुटतात. त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

वुजूसाठी नळाजवळ एक मजबूत स्टूल ठेवा. पायाखाली खरखरीत रबरी चटई हवी. एका पायावर उभे राहून दुसरा पाय बेसिनमध्ये धुणे वयस्कर माणसासाठी धोक्याचे आहे. बसून वुजू केला की ती भीतीच राहत नाही.

२. अंधारातली वाट

फज्रला किंवा रात्री लघवीला उठणारा माणूस झोपेतच चालत असतो. पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर अर्ध्या वॉटचा एलईडी नाइट लॅम्प लावा. तो रोज १० तास चालला तरी महिन्याला ०.१५ युनिट वीज लागते, म्हणजे नावापुरतीच. उंबरठ्याला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीला पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइल पेंटचा पट्टा ओढा. मोतीबिंदू असलेल्यांना पायरी कुठे संपते ते कळत नाही, पट्टा मात्र दिसतो.

३. ठिबकणारा नळ

नळाखाली एक लिटरचा मग ठेवा आणि घड्याळ लावा. तासाभरात मग भरला तर दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० लिटर पाणी वाया जाते. ज्या गावात दोन-चार दिवसांआड पाणी येते तिथे याची किंमत सांगायला नको.

जुन्या पद्धतीच्या, बरेच फेरे फिरवाव्या लागणाऱ्या नळात बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो. मेन कॉक बंद करा, पान्याने नळाचा वरचा भाग खोला, जुना वायसर काढून दुकानात दाखवा आणि तसाच नवा आणा. तो अगदी काही रुपयांत मिळतो. अर्ध्या फेऱ्यातच बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, त्याचा आतला स्पिंडलच बदलावा लागतो. पाणी जोडाच्या आट्यांतून गळत असेल तर टेफ्लॉन टेप आटे जसे घट्ट होतात त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना टेप सुटत जाते.

४. विजेचे बिल

६० वॉटचा जुना पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावणे हे सगळ्यात सोपे काम. बटण बंद करून, बल्ब थंड झाल्यावर बदलायचा, बस्स. पंख्याचा हिशेब मात्र कागदावर करा. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. रोज १२ तास चालला तर महिन्याला साधारण १६ युनिटांचा फरक पडतो. आपल्या बिलातल्या दराने गुणा, म्हणजे नव्या पंख्याचे पैसे किती महिन्यांत वसूल होतात ते निघेल. पंखा दिवसातून दोनच तास चालत असेल तर बदलण्याची घाई नको.

हे मात्र स्वतः करू नका

हौस कितीही असली तरी काही कामे जाणकारालाच द्यावीत. मेन बोर्ड, वायरिंग आणि गॅसच्या जोडणीला हात लावू नका. वायरमनला बोलवाल तेव्हा घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे त्याला विचारा. माणसाला शॉक बसला तर वीज तोडण्याचे काम तो करतो. नुसता एमसीबी त्यासाठी पुरेसा नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ते कापू नका, त्याला भोक पाडू नका, ती धूळ फुप्फुसाला घातक असते. आणि शिडी? चक्कर येत असेल, बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शिडीवर चढायचेच नाही. खाली उभे राहून नातवाला सांगा, हेही कामच आहे.

घर भाड्याचे किंवा पागडीचे असेल तर भोक पाडण्याआधी मालकाला विचारलेले बरे.

अम्मीला आधी विचारा

एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगायची आहे. अब्बा रिटायर होतात, अम्मी कधीच होत नाहीत. बऱ्याच घरांत निवृत्त माणूस कामाला लागतो तेव्हा अम्मीची कटकट वाढते. सगळीकडे पसारा, आणि स्वयंपाकघरात भलतेच बदल! म्हणून अम्मीला विचारा, ‘तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो?’ उत्तर साधेच असेल. मसाल्याची फळी फार उंच आहे, ओट्यावर उजेड पडत नाही, कपाटाचे दार अडकते. फळी खांद्याच्या उंचीवर आणली की रोजचे स्टुलावर चढणे थांबते.

औजारे फार लागत नाहीत. पेचकस, पक्कड, पाना, हातोडी, टेप आणि टेस्टर एवढ्यावर बरेच काम भागते. ड्रिल मशीन वर्षातून चार वेळा लागते, ते प्रत्येकाने विकत कशाला घ्यायचे? गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावे. सुट्टीत मुलांना अब्बांसोबत बसवा. माप घेणे, हिशेब करणे, चुकले तर पुन्हा करणे, हे सगळे आम्ही वर्गात शिकवतो, पण हातात पाना आला की ते लवकर समजते.

या रविवारी एक कागद घ्या आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासोबत पलंगापासून मोरीपर्यंत चालत जा. त्यांचा हात कुठे कुठे भिंत शोधतो ते लिहून ठेवा. पहिल्या कामांची यादी तिथेच तयार होईल.