पायाच्या शस्त्रक्रियेसाठी स्पायनल भूल

स्पायनल भूल (बोलीभाषेत ‘कमरेतली भूल’) म्हणजे कमरेच्या मणक्यांमधील फटीतून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडण्याची पद्धत होय. तिने कमरेखालचा भाग काही काळ बधिर व लुळा होतो. रुग्ण शुद्धीवर असतो. प्रौढ माणसात मज्जारज्जू सहसा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचली जाते.

जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये ही पद्धत प्रथम शस्त्रक्रियेसाठी वापरली. औषध कोकेन होते आणि शस्त्रक्रिया घोट्याची. पुढे त्यांनी व त्यांच्या सहाय्यकाने परस्परांवरही प्रयोग केला. बीअर यांना त्यानंतर तीव्र डोकेदुखी झाली. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपल्याने होणारी ही डोकेदुखी आजही माहीत आहे, मात्र ती औषधापेक्षा सुईवर अधिक अवलंबून असते.

औषधांची निवड

उसाची वाहतूक आणि पुणे–सोलापूर महामार्ग यांमुळे बारामती व इंदापूर तालुक्यांना हाडे मोडणारे अपघात नवे नाहीत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय. अशा भागात, किंबहुना भारतात सर्वत्र, नेहमीचे औषध म्हणजे ०.५ टक्के ‘हेवी’ ब्युपिव्हॅकेन. त्यात डेक्स्ट्रोज मिसळलेले असल्याने ते मज्जाद्रवापेक्षा जड असते व उताराकडे सरकते. दुखऱ्या पायाच्या कुशीवर रुग्णाला काही मिनिटे निजवून थोड्या मात्रेत मुख्यतः तोच पाय बधिर करता येतो. परंतु खुबा मोडलेल्या वृद्धेला त्या कुशीवर निजवणे म्हणजे यातनाच. तिथे डेक्स्ट्रोजविरहित ब्युपिव्हॅकेन देऊन मोडलेली बाजू वर ठेवणे सोयीचे ठरते.

साधारणतः १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे २ ते ३ मिलिलिटर, हेवी ब्युपिव्हॅकेन दोन-तीन तास पुरते. मांडीच्या हाडात सळई बसवण्यास एवढा वेळ हवाच. मध्येच भूल उतरली तर पूर्ण भूल द्यावी लागते. उलट, पायातील तारा काढण्यासारख्या अर्ध्या तासाच्या कामाला हेच औषध दिल्यास रुग्ण संध्याकाळपर्यंत खाटेवर अडकतो, लघवीही तुंबू शकते. अशा कामासाठी पूर्वी लिग्नोकेन वापरत; नंतर कंबर व मांड्यांत काही दिवस दुखण्याच्या तक्रारींमुळे ते मागे पडले. क्लोरोप्रोकेन लवकर उतरते. रोपिव्हॅकेनने स्नायू तुलनेने कमी लुळे पडतात.

वयोवृद्ध रुग्णात खरी चिंता रक्तदाबाची असते. भूल जितकी वर चढेल तितका दाब घसरतो. म्हणून ब्युपिव्हॅकेनची मात्रा कमी करून १० ते २५ मायक्रोग्रॅम फेंटानिलची जोड देतात; त्याने खाज सुटू शकते. क्लोनिडिन परिणाम लांबवते, पण रक्तदाबही उतरवते. मॉर्फिनने रात्रभर वेदनेपासून आराम मिळतो, मात्र श्वास मंदावण्याचा धोका कित्येक तासांनीही संभवतो. रात्री रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी परिचारिका नसेल, तर ते न वापरणेच शहाणपणाचे.

सुरक्षितता

मज्जाद्रवात जाणारे औषध परिरक्षकरहित हवे; अनेक मात्रांच्या बाटलीतील औषध येथे चालत नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास मज्जारज्जूवर दाब आणणारा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ती गोळी कोणती व शेवटची कधी घेतली, हे नातेवाइकांनी भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगावे.

सर्वांत भयंकर चूक मात्र कुपी उचलताना होते. अस्थिशस्त्रक्रियेत रक्तस्राव रोखण्यासाठी शिरेतून दिले जाणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हेवी ब्युपिव्हॅकेनसारख्याच दिसणाऱ्या कुपीत मिळते. ते चुकून कमरेत दिले गेल्यास झटके येतात, हृदयाची लय बिघडते, मृत्यूही ओढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याविषयी इशारा दिला. ही कुपी भुलेच्या औषधांपासून दूर ठेवणे आणि सिरिंजमध्ये औषध भरण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचणे, हे उपाय लहानशा शस्त्रक्रियागृहातही करता येतात.