बंदुकीचा धक्का आणि नेम

पिकाच्या राखणीकरितां ज्या शेतकरी बंधूंजवळ परवान्याची बंदूक आहे, त्यांपैकीं पुष्कळांचा नेम डोळ्याच्या दोषानें नव्हे, तर धक्क्याच्या भीतीनें चुकतो, असें आमचें मत आहे. चुकलेला बार निरुपद्रवी नसतो. जखमी रानडुक्कर उलटून अंगावर येतें. भरकटलेले छर्रे शेजारच्या माळ्यावरील राखणदारास लागूं शकतात.

छर्रे ज्या नेटानें पुढें जातात, त्याच नेटानें बंदूक मागें येते. बारा बोअरच्या काडतुसांत सुमारें ३० ग्रॅम छर्रे असतात व ते सेकंदास ४०० मीटरच्या आसपास वेगानें सुटतात. त्यामुळें ३ किलो वजनाची बंदूक सेकंदास ४-५ मीटर वेगानें मागें सरते. बंदूक हलकी, तितका धक्का मोठा. बंदुकीचें वजन छर्‍यांच्या ९६ पट असावें, असा इंग्रज कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. ठासणीच्या बंदुकींत दारू मापानेंच भरावी. अधिक दारूनें धक्का वाढतो व नळी फुटण्याचें भय असतें.

डावा पाय पुढें टाकून अंगाचा भार किंचित् त्यावर द्यावा. दस्ता खांद्याच्या खोबणींत घट्ट बसवावा. मध्यें फट राहिली तर बंदूक रेटत नाहीं, ठोसा मारते. गाल दस्त्यास टेकलेला असावा. चाप हिसडूं नये, हळूहळू दाबावा. डावखुर्‍यांनीं बाजू उलट समजावी.

प्रथम रिकाम्या बंदुकींत खोटें काडतूस घालून ही क्रिया रोज करावी. नंतर हलक्या भाराचीं काडतुसें घ्यावीं आणि एका बैठकींत दहाहून अधिक बार काढूं नयेत. दुखर्‍या खांद्यास भीतीचीच संवय लागते. कानांत बोळे अवश्य घालावे, कारण दचकण्याचें अर्धें कारण आवाज असतो. मग जाणत्या सोबत्यानें आपणांस न दाखवितां कधीं खरें, कधीं खोटें काडतूस भरावें. खोट्यावर चाप दाबतांना नळीचें तोंड खालीं झुकलें, तर दोष धक्क्याचा नसून मनाचा आहे हें उघड होतें. नळी स्थिर राहीपर्यंत हा पाठ चालू ठेवावा.

हा सराव रायफल क्लबच्या मैदानावर, परवान्याच्या अटी पाळूनच करावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानडुकरावर बार टाकण्यापूर्वीं वनाधिकार्‍यांची परवानगी लागते, हेंही ध्यानांत असावें.