काहीच न सांगणारा निरोप

प्युअर डेटा या भाषेत कोडच्या ओळी लिहाव्या लागत नाहीत. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि तारांनी जोडायच्या, झाला प्रोग्रॅम! पॅरिसच्या इरकाम संस्थेत १९८०च्या दशकात 'मॅक्स' ही अशीच चौकटींची भाषा घडवणाऱ्या मिलर पकेट यांनी पुढच्या दशकात ही भाषा केली, मुख्यतः संगीतासाठी. तिच्या बारीक तारांतून निरोप धावतात आणि नवशिक्याला सुरुवातीला त्यांचे चारच प्रकार पुरतात.

पहिला फ्लोट, म्हणजे एक संख्या. ६९ हा स्वराचा क्रमांक 'एमटीओएफ' नावाच्या चौकटीत सोडला की खालून ४४० बाहेर पडतो. सेकंदाला ४४० कंपनं, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्यावर वाद्यं जुळवतो तो सूर. तो आकडा ऑसिलेटरला, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या चौकटीला, दिला की स्पीकरमधून तोच सूर ऐकू येतो. दुसरा सिम्बॉल, म्हणजे एखादा शब्द, उदाहरणार्थ फाइलचं नाव. तिसरा लिस्ट, म्हणजे एकाच निरोपातून जाणारी अनेक मूल्यं.

आणि चौथा बँग. यात ना आकडा, ना शब्द. तो फक्त म्हणतो, 'आत्ता!' एसटीच्या कंडक्टरने दिलेल्या डबल बेलसारखा. बेल रस्ता सांगत नाही. तो ड्रायव्हरला ठाऊकच असतो. बेल वाजली की गाडी हलते.

याची गंमत बेरजेच्या साध्या चौकटीत दिसते. तिला वर दोन तोंडं असतात. उजव्या तोंडात ३ टाका, काहीच होत नाही. चौकट तो आकडा मुकाट्याने जपून ठेवते. डाव्या तोंडात ४ टाका, लगेच ७ बाहेर येतात. आता उजवीकडे १० द्या. पुन्हा शांतता. मग डावीकडे नुसता बँग पाठवा आणि खालून १४ येतात! डावं तोंड 'गरम', उजवं 'थंड': थंड तोंड साठवतं, गरम तोंड कामाला लावतं. '४ ३' अशी लिस्ट डावीकडे दिली तर चौकट ३ स्वतःच उजवीकडे ठेवते आणि ७ देते.

काय करायचं आणि कधी करायचं, या दोन गोष्टी या भाषेने किती स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत! संगीतात तर 'कधी'वाचून पानही हलत नाही. 'मेट्रो' चौकटीला ५०० हा आकडा देऊन ती सुरू केली की ती दर अर्ध्या सेकंदाला एक बँग सोडते आणि ठेका धरला जातो. सूर कोणता, आवाज किती, हे सगळं आधीच थंड तोंडांत तयार असतं. त्याला जाग येते ती या रिकाम्या निरोपाने.

प्युअर डेटा विंडोज, मॅक आणि लिनक्सवर मोफत चालते. आजच उतरवून घ्या, बेरजेची एक चौकट मांडा आणि तिला एक बँग देऊन पाहा.