घरच्या हातांची मालिश

पेढीवर बसणाऱ्या माणसाचे पाय हा घरातील सर्वांत उपेक्षित अवयव असावा. गादीवर मांडी घालून बसणे असो वा काउंटरमागे दिवसभर उभे राहणे असो, भार पायांवर आणि कमरेवर पडतो; लक्ष मात्र गल्ल्याकडे असते. पूर्वी मालिश करणारा घरी येई, नातवंडे आजोबांचे पाय दाबून देत. आता नातवंडे पुण्या-बेंगळुरूला असतात आणि येणारा माणूस मिळत नाही. मिळालाच तर जोर लावण्यालाच तो कौशल्य समजतो.

तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान असलेल्या एका कुटुंबाला याचा अनुभव आला. बाबूजींचे वय 76, मधुमेह जुना, रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोजची. पाय जड होतात म्हणून मुलाने बाहेरून एक मालिशवाला बोलावला. त्याने पोटऱ्या अशा काही रगडल्या की दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांवर काळेनिळे डाग उमटले. अशी गोळी घेणाऱ्याच्या त्वचेखाली थोड्या दाबानेही रक्त साकळते, हे कोणी विचारातच घेतले नव्हते. त्यानंतर मुलाने फिजिओथेरपिस्टकडे दोन वेळा बसून हे काम स्वतः शिकून घेतले.

शिकण्यासारखे त्यात फार नाही, पण जे आहे ते नेमके आहे. नखे कापलेली, अंगठी व घड्याळ काढून ठेवलेले. करणाऱ्याने कमरेत वाकून राहू नये. पाय मांडीवर वा उशीवर घेता येईल अशा उंचीच्या स्टुलावर बसावे, नाहीतर आठ दिवसांत त्याचीच कंबर धरते. तिळाचे तेल कोमट असावे. ते कोमट आहे की नाही हे स्वतःच्या मनगटावर पाहावे. मधुमेह्याच्या पायाला विचारू नये, कारण त्या पायाला चटका कळेलच असे नाही. प्रथम दोन्ही तळवे पायाभोवती घालून घोट्यापासून गुडघ्याकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने, संथपणे ओढत न्यावेत. स्नायू सैल झाले की पोटरी कणीक मळावी तशी हळुवार मळावी. तळपायावर अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे लहान लहान वर्तुळे काढावीत. बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये. ओलाव्याने तेथे बुरशी धरते. पाठीला हात लावायचा तर कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, कण्यावर कधीच नाही. मानेच्या पुढच्या भागाला तर दाब देऊच नये. एका पायाला दहा मिनिटे पुरेत. समोरच्याचा चेहरा आक्रसला की दाब जास्त झाला असे समजावे. वडीलधारी माणसे ‘दुखते’ असे तोंडाने सांगत नाहीत.

चौथ्या संध्याकाळी मुलाचा अंगठा बाबूजींच्या उजव्या पायाच्या आंगठ्याखाली ओलसर जागेवर थबकला. दिव्याखाली पाहिले तर तुरीच्या दाण्याएवढी जखम. चपलेचा खिळा वर आलेला होता. त्यावर बाबूजी किती दिवस चालले, हे त्यांनाच ठाऊक नव्हते. ‘दुखले असते तर सांगितले असते की,’ एवढेच ते म्हणाले. डॉक्टरांनी जखम स्वच्छ केली, ती हाडापर्यंत गेलेली नाही याची खात्री करून घेतली आणि आणखी उशीर झाला असता तर बोट गमावण्याची पाळी आली असती असे स्पष्ट सांगितले. तीन आठवडे ड्रेसिंग चालले आणि जखम भरली.

तेव्हापासून त्या घरात क्रम बदलला. तेल नंतर, पाहणी आधी. तारण न पाहता कर्ज देऊ नये, तसे त्वचा न पाहता हात चालवू नये. चीर, फोड, नखाकडेची लाली, दोन पायांच्या उष्णतेतील फरक हे सर्व रोज पाहिले जाते. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला हातही लावू नये. शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ताप, ताजी शस्त्रक्रिया, फुगलेल्या शिरा यांच्या बाबतीतही मालिश वर्ज्य समजावी.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मस्तक, कान आणि पाय यांना विशेषेकरून तेल लावण्यास सांगितले आहे. त्याचबरोबर अपचन असताना अभ्यंग नको असेही बजावले आहे. या बाबतीत सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांची सोय आपोआप होते, कारण रात्री आठच्या सुमारास पोट हलके झालेले असते. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात सिद्धार्थ राजाच्या प्रातःकाळच्या व्यायामानंतर शतपाक व सहस्रपाक तेलांच्या मर्दनाचे वर्णन येते. ते मर्दन करणारे सेवक निष्णात असल्याचे तेथे आवर्जून सांगितले आहे. ऐकताना हा भाग राजवैभव म्हणून कानावरून जातो. निष्णात या शब्दाकडे मात्र थोडे थांबून पाहावयास हवे.

बाबूजींच्या घरी प्रतिक्रमण आटोपले की वाटी निघते. तीत जीव पडू नये म्हणून ती झाकलेली असते. बापलेकांचे बोलणे एरवी उधारी आणि जीएसटी यांच्यापलीकडे जात नसे. पाय मांडीवर आल्यावर मात्र बाबूजी 1972 च्या दुष्काळाविषयी बोलू लागले. कोणत्या खेड्यातल्या कोणाला लुगडी उधार दिली, त्यांतली किती वसूल झाली आणि किती वहीतच राहिली, हे मुलाने पन्नाशीत प्रथमच ऐकले.

शेवटी तो तळवे कोरड्या पंचाने पुसतो, कारण तेलकट पावलांनी फरशीवर घसरून पडण्याचे भय मोठे असते. तेवढ्यात बाबूजी स्वतःच्या चपला उलट्या करून आतून बोट फिरवून पाहतात.