80 वेळा ‘बस’

बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भल्या पहाटे एक बाई बुलडॉगचा पट्टा धरून उभ्या होत्या. कुत्रा जमिनीवर पसरलेला, घशातून ओली घरघर. त्या त्याला ओढत नव्हत्या, रागावतही नव्हत्या. घरघर उतरल्यावर “चल” म्हणाल्या आणि तो उठला. हट्टी म्हणून बदनाम झालेलं कुत्रं एका शब्दावर कसं उठलं, हे पाहायला मी त्यांच्या घरी जाऊ लागलो.

काकू साठीच्या. मुलाने हौसेने इंग्लिश बुलडॉगचं पिल्लू आणलं आणि नोकरीसाठी पुणं गाठलं. टायगर मागे राहिला. गुरांच्या डॉक्टरांनी काकूंना पहिल्याच भेटीत आकडा सांगितला होता: 80. हुशार जातीची कुत्री पाच वेळांत शिकतात ते याला 80 वेळा सांगावं लागेल. हा आकडा स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाच्या 1994 सालच्या पुस्तकातला. आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या सुमारे 200 परीक्षकांना विचारून त्यांनी जातींची क्रमवारी लावली. बुलडॉग जवळजवळ तळाला. काकूंना कोरेन ठाऊक नाहीत. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारायला घेतल्या.

शिकवणी पडवीत, उन्हं यायच्या आत. फरशीवर पाय घसरतात म्हणून खाली जुनी सतरंजी. वाटीत केळ्याचे हरभऱ्याएवढे तुकडे; केळी या तालुक्यात कुणाच्या घरी नसतात? तुकडा नाकापासून डोक्यावर नेला की मान वर जाते आणि मागचं अंग टेकतं. टेकलं त्याच क्षणी “बस” म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. उशीर झाला तर कुत्र्याला वाटतं, उठण्याबद्दल मिळालं. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा हा नियम. पाच-सहा वेळा झालं की वाटी बंद, आणि तेवढं केळं धरून जेवण कमी, कारण ही जात चटकन सुटते. शेजारच्या पोरांना मावा जिलबी देऊ नका म्हणून सांगणं हाही शिकवणीचाच भाग.

“80 काही एका दिवसात नाही हं भाऊ. त्याचा श्वास पाहून,” काकू म्हणाल्या.

हा श्वास मी ऐकत राहिलो. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. धापा टाकूनच ते अंग गार करतं. बुलडॉगच्या नाकपुड्या अरुंद, तोंड आखूड, टाळूचा मऊ भाग घशात लोंबणारा. धाप टाकायलाच त्याला कष्ट पडतात आणि त्या कष्टाने अंग आणखी तापतं. मे महिन्यात इथे पारा 42 च्या पुढे जातो. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी 38-39 अंश असतं. ते 41 वर गेलं की जिवाशी गाठ. तेव्हा अंगावर पाणी ओतायचं, पंखा लावायचा, तडक दवाखाना गाठायचा. म्हणून फिरणं पहाटेच, आणि गळ्याऐवजी छातीला पट्टा, श्वासनळीवर ताण नको म्हणून. त्या रस्त्यावर काकू थांबल्या होत्या त्या याचसाठी. लोक ज्याला हट्ट म्हणतात त्यातला पुष्कळसा भाग दमछाकीचा आहे, अशी माझी खात्री झाली. 80 हा आकडा माणसाच्या हुकमाला किती लवकर मान दिला याचा आहे, अकलेचा नव्हे.

एके दिवशी “बस” म्हटल्यावर टायगर कण्हला. या जातीत खुब्याचे सांधे बिघडलेले असणं फार आढळतं. काकूंनी रेघा तिथेच थांबवल्या आणि “उभा राहा” शिकवायला घेतलं. पुन्हा पहिल्यापासून मोजणी, पुन्हा 80.

मला परत परत ओढून नेत होती ती मात्र तोंड पुसण्याची वेळ. चेहऱ्याच्या घड्यांत ओल साठते, आंबूस वास येतो, कातडी लाल होते. सुरुवातीला तो चावायला धावे. काकूंनी पहिल्यांदा नुसतं गालाला बोट लावलं आणि तुकडा दिला. मग घडीला बोट, तुकडा. मग कोरडा कापूस, ओला कापूस. आता ओल्या कापसाने पुसून कोरडं करेपर्यंत तो आपलं जड डोकं त्यांच्या मांडीवर टाकून देतो. बसणं-उठणं कुणीही शिकवेल. हा विश्वास मिळवणं हे खरं कसब.

मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदीचं परिपत्रक काढलं तेव्हा गल्लीत कुजबुज झाली. त्या यादीत अमेरिकन बुलडॉग होता, इंग्लिश नव्हता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्दही केलं. पण नावाची दहशत जुनी आहे. इंग्लंडात बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ चाले, त्यासाठी ही जात पैदा झाली. 1835 च्या कायद्याने तो खेळ बंद झाला. नंतर प्रदर्शनांच्या शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंड आणखी चपटं करत नेलं. आज बहुतेक पिल्लं पोट फाडूनच जन्मतात. माणसाने डोळ्यांच्या हौसेसाठी एका जनावराचा श्वास अडवला, याचा मला राग येतो.

मुलगा फोनवर म्हणत होता, टायगरला जोडीदार आणू. काकूंनी कॅलेंडर पालथं केलं, “थांब”ची नवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “आणायचाच तर गावठी आण. त्याला या उन्हाची सवय असते.”