आयोडीन-१३१ : कोणाला हवे, कोणाला नको?

तुमच्या गळ्यातील अवटू ग्रंथी (थायरॉइड) रक्तातील आयोडीन शोषून घेते. ते साधे की किरणोत्सारी, हे तिला ओळखता येत नाही! याचाच फायदा घेऊन बोस्टनच्या सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली अतिक्रियाशील ग्रंथीवर उपचार केले. पुढे कर्करोगातही आयोडीन-१३१ वापरात आले. त्याचे अर्धायुष्य ८ दिवस. बीटा कण पेशीसमूहात जेमतेम २ मिलिमीटर जातात. मात्र गॅमा किरण शरीराबाहेर पडतात, म्हणून रुग्णाला काही दिवस इतरांपासून दूर राहावे लागते.

पण शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यावरही ते प्रत्येकाला द्यावेच का? फ्रान्समध्ये कमी धोक्याच्या ७७६ कर्करोग्यांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट केले. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत रोगाची शंका यावी असे काही न आढळलेले रुग्ण आयोडीन दिलेल्या गटात ९५.९ टक्के होते, न दिलेल्या गटात ९५.६ टक्के.